वहिवाटीचा पुरावा

अंतरपाट धरला होता, मंगलाष्टकांचा स्वर चढत चालला होता, आणि अकरा वर्षांचा मी, मुठीतल्या अक्षता घामाने भिजून त्यांचा गोळा होतो आहे या काळजीत असूनही, नवरीच्या पाठीशी तिचा मामा का दिसत नाही, या कोड्यात पडलो होतो. आमच्याकडे, म्हणजे वाई-साताऱ्याकडच्या देशस्थांत, नवरीला बोहल्यावर आणावयाचे ते मामाने आणि शेवटच्या 'सावधान'पर्यंत तिच्या पाठीशी उभे राहावयाचे तेही मामानेच, अशी रीत मी जाणत होतो. धारवाडच्या त्या मांडवात मात्र नवरीमागे दुसरेच कोणी गृहस्थ उभे होते. मी आईचा पदर ओढून विचारले, तेव्हा तिने काही न बोलता हनुवटीनेच अंतरपाटाच्या पलीकडे खूण केली. नवरीचा सख्खा मामा तिथे होता; बाशिंग बांधून, हातात माळ घेऊन, अंतरपाट दूर होण्याची वाट पाहत होता.

ही गोष्ट १९५१ सालची. धारवाड तेव्हा मुंबई राज्यात मोडत असे, आणि माझे वडील तेथील दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार होते. लग्न आमच्या घरमालकांच्या मुलीचे, मंडळी कानडी ब्राह्मण, आचारविचाराने आमच्याहूनही कडक. म्हणून आईचा धक्का अधिकच मोठा होता. परतताना वाटेत ती म्हणाली, "अहो, मामा म्हणजे बापाच्या ठिकाणी! देवाब्राह्मणांसमक्ष असं कसं करतात ही माणसं?" वडील थोडे अंतर तसेच चालले आणि मग, कचेरीत एखाद्या दाव्याचा कागद पुढे सरकवावा तितक्या शांतपणे, म्हणाले, "इकडची वहिवाट आहे ती." आई गप्प झाली. तिचे समाधान झाले होते, असे नव्हे. परंतु ती स्वतः माझ्या वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी होती, आणि आपल्या लग्नाचा आधारही त्या एका शब्दापलीकडे फारसा नाही, हे बहुधा त्या क्षणी तिच्या ध्यानात आले असावे.

पुढे बारा-तेरा वर्षांनी नोकरीनिमित्त मी दिल्लीस गेलो आणि मेरठकडच्या एका कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर बिऱ्हाड केले. घरमालकीणबाई मोठ्या मायाळू होत्या. एका संध्याकाळी त्यांनी माझ्या घरची चौकशी केली, तेव्हा मी काहीशा अभिमानानेच सांगितले, की माझ्या आजीने आपल्या भावाची मुलगीच सून म्हणून घरात आणली, त्यामुळे सासुरवास म्हणजे काय हे माझ्या आईला कधी कळलेच नाही. बाईंच्या हातातला झारा कढईच्या काठावर थांबला. "म्हणजे बहिणीशी?" त्यांनी विचारले. त्यांच्या मुलुखात मामाची मुलगी ही बहीणच. तिने राखी बांधावयाची, आणि तिच्या लग्नात भावाने राबावयाचे. त्यांच्या चेहऱ्यावर तिरस्कार नव्हता. सज्जन माणसाला सज्जनाच्या तोंडून काही अमंगळ ऐकावे लागले म्हणजे जी व्यथा होते, ती होती. धारवाडच्या रस्त्यावर माझ्या आईचा चेहरा नेमका असाच झाला होता.

एक मामा अंतरपाटाच्या अलीकडे उभा राहिला तर ते पुण्य आणि पलीकडे उभा राहिला तर ते पाप, हा निवाडा कोणी केला, असा प्रश्न मला त्या रात्री प्रथम पडला. आणि तो केवळ माझाच नाही, आपल्या देशाने तो दोन हजार वर्षांहून अधिक काळ जपून ठेवला आहे, हे मला महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाची पाने उलटताना कळले. बौधायनाने आपल्या धर्मसूत्राच्या आरंभीच दक्षिणेचे पाच आणि उत्तरेचे पाच असे वादग्रस्त आचार नोंदवून ठेवले आहेत. दक्षिणेकडचे लोक मुंज न झालेल्यासह जेवतात, पत्नीसह जेवतात, शिळे अन्न खातात, मामाच्या मुलीशी लग्न करतात आणि आत्याच्या मुलीशीही करतात. उत्तरेकडचे लोक लोकर विकतात, मद्य पितात, दोन्ही जबड्यांत दात असलेल्या जनावरांचा व्यापार करतात, शस्त्रांचा धंदा करतात आणि समुद्रावर जातात. या याद्यांपुढे तो एक पक्ष असा मांडतो, की ज्या देशातला आचार त्याच देशात प्रमाण, दुसऱ्याने तो केला तर दोष. आणि लागलीच गौतमाचे नाव घेऊन, हे म्हणणे खोटे आहे, असा विरुद्ध पक्षही नोंदवितो. स्वतः त्याचा कौल अखेर या दोन्हींकडचे असले आचार मानू नयेत असाच पडतो. पण वादाने तो कौल मानला नाही. कुमारिल भट्टाने मामाची मुलगी करणाऱ्या दाक्षिणात्यांवर कठोर शब्दांत टीका केली. उलट विजयनगरच्या माधवाचार्यांनी पराशरस्मृतीवर लिहिताना त्याच विवाहाचे साधार समर्थन केले. इकडे महाभारत वाचणारा प्रत्येक जण जाणतो, की सुभद्रा ही अर्जुनाच्या मामाचीच मुलगी होती, आणि ते लग्न श्रीकृष्णाच्याच संमतीने झाले.

इरावतीबाई कर्वे यांचा भारतातील नातेव्यवस्थेवरील ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र हा या बाबतीत उत्तर व दक्षिण यांच्या सांध्यावरचा मुलूख आहे, हे त्यांनी त्यात दाखवून दिले: आम्ही उत्तरेसारखे मामाच्या मुलीला बहीण मानून थांबत नाही, आणि दक्षिणेसारखे भाचीशी लग्न करण्यापर्यंतही जात नाही. हे वाचताना मला विशेष भावले ते असे, की नियम भिन्न असले तरी प्रत्येकामागे काही तरी जपण्याची धडपड असते. उत्तरेकडील कुटुंब मुलीला दूरच्या गावी, परक्या घरी देते, त्यामुळे नव्या सोयरिकींचे जाळे विस्तारते, आणि माहेरच्या साऱ्या पुरुषांशी तिचे नाते भावाबापाचे, निर्भय राहते; दक्षिणेकडील कुटुंब तिला ओळखीच्याच उंबऱ्यात ठेवते, म्हणून तिला घुंगट घेऊन परक्यांत दिवस काढावे लागत नाहीत. एकाने पावित्र्य एका बाजूने राखले, दुसऱ्याने जिव्हाळा दुसऱ्या बाजूने राखला. नात्यातल्या लग्नांमुळे संततीत काही आनुवंशिक विकारांचा संभव वाढतो, असे वैद्यकशास्त्र आज सांगते, आणि ते ऐकलेच पाहिजे. पण ती सावधगिरी झाली, त्यावरून मेरठच्या बाईंना माझी आई पापी ठरविता येत नाही, की माझ्या आईला धारवाडची नवरी.

१९५५ साली हिंदू विवाहाचा कायदा झाला, तेव्हा वडिलांनी त्याची प्रत घरी आणून, कंदिलाची वात वर करून, आईला त्यातली दोन कलमे समजावून सांगितली होती. कायद्याने मामा-भाचीचे आणि बहीणभावांच्या मुलांचे विवाह निषिद्ध नात्यांत घातले. मात्र उभय पक्षांची रूढी तशी असेल तर तिला मुभा ठेवली. म्हणजे बौधायनाने नोंदविलेला देशपरत्वे प्रामाण्याचा पक्ष स्वतंत्र भारताच्या संसदेतही उभा होता. परंतु त्याच कायद्यात रूढी कशाला म्हणावे याचीही व्याख्या होती: ती दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळली गेलेली असली पाहिजे, निश्चित असली पाहिजे, आणि अवाजवी किंवा लोकनीतीला विरोधी असता कामा नये. म्हणजे गौतमही तेथे हजर होता. वडिलांनी 'अवाजवी' या शब्दावर बोट ठेवले आणि म्हणाले, "वहिवाट हा पुरावा झाला. निकाल अजून व्हायचा असतो." त्या वेळी माजघराच्या अंधारात माई वाती वळीत बसली होती. वडिलांचे बोट त्या शब्दावर किंचित अधिक काळ का थांबले, हे मला फार उशिरा समजले.

माई म्हणजे वडिलांची आत्या. वयाच्या तेराव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी परत आली, आणि आमचे बिऱ्हाड जेथे जाईल तेथे, लाल आलवणात डोके झाकून, तीही येत गेली. धारवाडास असताना दर पंधरवड्याला पहाटे, अजून झुंजुमुंजू झाले नसताना, परसदाराची कडी वाजे. न्हावी आत येत नसे. माई पाट घेऊन विहिरीच्या कडेला भिंतीकडे तोंड करून बसे, आणि एकही शब्द न बोलता ते काम चाले. एकदा लवकर जाग आल्यामुळे मी ते पाहिले. न्हाव्याने वाटीतले पाणी बोटांनी तिच्या माथ्यावर लावले, आणि वस्तरा चालविण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटले. ते का, हे त्यालाच ठाऊक. काम झाल्यावर माईने स्वतः पाट धुतला, विहिरीचे दोन घागरी थंड पाणी डोक्यावर घेतले, आणि ती स्वयंपाकाला लागली.

घरमालकांकडच्या त्या लग्नाचे निम्मे लाडू माईने वळले होते. मांडवात मात्र तिला जावयाचे नव्हते. आम्ही लग्नाहून परत आलो, आई मामा-भाचीच्या नात्यावरून अस्वस्थ होऊन कपाळाला हात लावून बसली, आणि माईने मला जवळ बोलावून हळूच विचारले, "नवरीनं केसांत काय माळलं होतं रे?" मी सांगितले, मोगऱ्याची वेणी होती, मध्ये मध्ये अबोलीचे गजरे होते. "किती पदरी?" तिने पुढे विचारले. ते मी पाहिले नव्हते. ती जरा हिरमुसली आणि मग, आपणच काही गैर विचारले, अशा घाईने उठून गेली.

या दोन गोष्टी माझ्या मनात एकाच दिवसाच्या पोटात राहिल्या आहेत, म्हणून त्यांची तुलना मला टाळता आली नाही. मामा-भाचीच्या लग्नाचे समर्थन ज्या शब्दाने होत होते, त्याच शब्दाने माईच्या पाटाचेही होत होते: वहिवाट. इकडचा आचार, आमच्यातली रीत, वाडवडिलांचा शिरस्ता. एका ठिकाणी त्या शब्दाने माझ्या मनातला अहंकार उतरविला आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच शब्दाने एका बाईचे सारे आयुष्य झाकून टाकले. मग प्रत्येक समाजाचे बरेवाईट त्या समाजापुरते खरे, त्याला बाहेरचा मोजगज लावू नये, हे मत मी स्वीकारू कसे, आणि टाकू तरी कसे?

त्या मताचे सामर्थ्य मी कमी लेखीत नाही. बाहेरून आलेल्या माणसाने आपल्या मुलुखाचा गज घेऊन दुसऱ्याचे अंगण मोजावे आणि ते वाकडे ठरवून बळकावून बसावे, हा अनुभव आपल्या देशाने दीडशे वर्षे घेतला आहे. परंतु या मतात एक गृहीत आहे, ते असे, की समाज म्हणजे एका तोंडाने बोलणारा एकच पक्षकार. वस्तुस्थिती तशी नसते. केशवपनाचीच कैफियत घ्या. मनु-याज्ञवल्क्यांत विधवेच्या वपनाचा विधी नाही, हे काण्यांनी साधार दाखविले. आणि केवळ लिहून ते थांबले नाहीत, तर केस राखलेल्या एका विधवेला पंढरपुरी विठोबाची पूजा करण्याचा हक्क आहे, म्हणून वकील या नात्याने न्यायालयात उभे राहिले. त्याच्या कितीतरी आधी, १८६३ साली, पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी फसलेल्या विधवांसाठी घर उघडले. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून, एकाच अपराधासाठी बाईला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा का, असा जाब विचारला. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि आम्ही विधवांवर वस्तरा चालविणार नाही, असा ठराव झाला. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केले, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले. वाळीत टाकणारे मुरुडचेच होते आणि वाळीत पडलेलाही मुरुडचाच होता. यांपैकी 'महाराष्ट्राची संस्कृती' कोणती म्हणावयाची? ज्या हातात वस्तरा होता तो हातसुद्धा जेथे एकमताचा नव्हता, तेथे समाजाचा म्हणून जो निर्णय सांगितला जातो, तो ज्यांचा आवाज चावडीपर्यंत पोहोचत होता त्यांचा निर्णय असतो.

यावर कोणी म्हणेल, की खुद्द ज्या बायकांवर ही रीत लादली गेली, त्यांतल्याच कित्येकींनी ती निष्ठेने पाळली, तिचा अभिमान बाळगला. मग त्यांना दुःखी ठरविणारे आपण कोण? हा आक्षेप हलका नाही, आणि माझ्याच घरात मी त्याचा दाखला पाहिला आहे. कायद्याचा कागद वाचला त्याच वर्षी वडिलांनी माईला सांगितले, की तू आता न्हाव्याला येऊ देऊ नकोस, कोणी काही म्हणणार नाही, म्हटले तर मी पाहून घेईन. माई सत्तरीच्या घरात होती. ती म्हणाली, "आता काय करायचेत केस? लाज वाटेल मला." आणि दर पंधरवड्याची कडी वाजत राहिली. वडिलांना तो नकार जिव्हारी लागला. वहिवाटीच्या कैवाऱ्याला मात्र तो आपल्या बाजूचा भक्कम पुरावा वाटेल.

मला तो तसा वाटत नाही, कारण मोगऱ्याच्या वेणीला किती पदर होते, हे मला विचारले गेले होते. सत्तराव्या वर्षी विचारलेला प्रश्न हा प्रश्नच नव्हे. तो तेराव्या वर्षी विचारावयाचा होता, आणि असा विचारावयाचा होता, की 'नको' म्हटले तर तिच्या डोक्यावरचे छप्पर आणि ताटातला घास जाणार नाही. माणूस आयुष्यभर ज्याची किंमत देत आला, ते व्यर्थ होते असे शेवटी त्याच्याकडून वदवून घेणे ही क्रूरताच होय. म्हणून माईच्या नकाराचा मी मान राखतो, पण त्याला संमती म्हणत नाही. ज्या रीतीला 'नको' म्हणण्याची वाट उघडी आहे, ती रीत कितीही अनोळखी असो, तिच्या अंगणात मी पादत्राणे काढून जाईन. जिच्यात ती वाट बंद आहे, ती माझ्या स्वतःच्या कुळाची असली, तरी तिला मी अवाजवी म्हणेन.

आणि ही कसोटी खरी असेल, तर ती मी मला सोयीची तेवढीच लावू शकत नाही. धारवाडच्या त्या नवरीला, ती जेमतेम सतरा-अठरा वर्षांची असेल, कोणी विचारले होते काय? मला माहीत नाही. मांडवात कोणाच्याही तोंडी तो प्रश्न नव्हता, आईच्याही नव्हता. आईला तिच्या लग्नात कोणी विचारले होते काय? नाही; हे तिनेच मला पुढे सांगितले, जराही कडवटपणा न ठेवता. आम्ही सारे जण मामा अंतरपाटाच्या कोणत्या बाजूला उभा आहे, याचा खल करीत होतो, आणि अंतरपाटामागच्या मुलीच्या मनात काय आहे, हा प्रश्न धारवाडातही राहून गेला होता, वाईतही आणि मेरठमध्येही. नात्यांचे नियम देशोदेशी वेगळे असोत. विचारले न जाण्याची रीत मात्र मला तिन्ही मुलुखांत सारखीच आढळली.

अमेरिकेतील मानवशास्त्रज्ञांच्या संघाने १९४७ साली संयुक्त राष्ट्रसंघाला एक निवेदन दिले होते, की एका संस्कृतीच्या मूल्यांवर बेतलेले हक्क सर्व मानवजातीवर लादता येणार नाहीत. इशारा प्रामाणिक होता आणि गरजेचाही होता. पण १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला, त्याच्या मसुद्यात सर्व माणसांसाठी पुरुषवाचक शब्द योजला गेला असताना, तो बदलून मनुष्यमात्राचा बोध होईल असा शब्द घालावा, असा आग्रह धरणारी व्यक्ती कोणी पाश्चात्त्य पंडित नव्हती; त्या होत्या भारताच्या प्रतिनिधी हंसाबाई मेहता. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले. तो एक शब्द बदलण्यासाठी परक्याचा गज लागला नाही. जिला विचारले जात नव्हते तिच्याच घरातून तो आला.

माई १९५८ साली गेली. त्यानंतर चार वर्षांनी माझ्या धाकट्या बहिणीला आत्याकडून मागणी आली. मुलगा चांगला होता, नोकरी होती, भाची सून करून घेण्याची आमची पिढीजात रीतच होती, आणि वडिलांनी मनातून होकार देऊन ठेवला होता. पण त्या दुपारी आईने बहिणीला माजघरात बोलावले, दार लोटून घेतले आणि विचारले, "तुझ्या मनात आहे का? नसेल तर नाही म्हण. वन्संना काय सांगायचं ते मी सांगेन." बहीण नाही म्हणाली. आत्याने दोन महिने पत्र टाकले नाही. संक्रांतीला तिच्याकडून तिळगुळाचे पाकीट आले. पुढच्या वैशाखात तिच्या मुलाचे लग्न झाले, त्याला आम्ही सगळे गेलो, आणि बहिणीने त्या दिवशी मोगऱ्याची चार पदरी वेणी माळली होती.